चांगल्या घरातला

आमच्या मेडिकलमध्ये आयपिल, म्हणजे संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची गोळी, सगळ्यात जास्त सोमवारी खपते. शनिवार-रविवारचा हिशोब सोमवारी काउंटरवर येतो. दुकान सांगलीत, विश्रामबागला. आजूबाजूला कॉलेजं, मागच्या गल्ल्यांत होस्टेल, पीजी आणि अभ्यासिका. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलूसकडची पोरंपोरी इथं खोल्या करून राहतात. मी डी.फार्म. झालेली, लग्न होऊन या घरात आले आणि सासऱ्यांच्या काउंटरवर उभी राहिले, ती अजून तिथंच आहे. पोरं मला काकू म्हणतात.

मागायची रीत ठरलेली. आधी व्हिक्सची गोळी नाहीतर बँडेड मागायचं. मग बाकीची गिऱ्हाइकं हलेपर्यंत शॅम्पूच्या पुड्या बघत उभं राहायचं. आणि शेवटी खालमानेनं, "काकू, ते… एक द्या की." 'ते' म्हणजे काय ते उभं राहण्यावरूनच कळतं. चहाचे दहा रुपयेसुद्धा फोनवरून देणारी ही पोरं इथं मात्र रोख काढतात. खातं वडिलांच्या नंबरला जोडलेलं असतं, मेसेज तिकडं जातो. म्हणून मी कंडोमचा स्टँड काउंटरच्या बाहेर, ओआरएस आणि टूथपेस्टच्या शेजारी आणून ठेवला. आपल्या हातानं उचला, पैसे ठेवा, चालू लागा. आमच्या ह्यांना ते पटलं नव्हतं. खप बघितल्यावर पटलं.

आयपिल मागणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, किती तास झाले? कारण ती गोळी जितक्या लवकर घ्याल तितकी कामाची. ७२ तासांच्या आत घ्यायची असते म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसायचं नसतं. बीज बाहेर पडणं पुढं ढकलायचं, एवढंच ती करते. आधीच दिवस गेले असतील तर तिचा उपयोग नाही, आणि गोळी घेतल्यानंतर पुन्हा संबंध आला तर त्यालाही तिचं संरक्षण नाही. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून परत घ्यावी लागते. पुढची पाळी चार दिवस मागंपुढं होते. आठवड्याच्या वर लांबली तर किट आणून लघवी तपासायची. हे सगळं मी पैसे सुटे करता करता सांगते, कारण सुटे पैसे मिळाले की पोरगी थांबत नाही.

मध्यंतरी एक आली होती, सोबत मैत्रीण. तिनं बोटांवर तास मोजले. रविवार दुपार, रात्र, आज सकाळ. मी म्हटलं, ठीक आहे, वेळेत आहेस, बाटलीतल्या पाण्यानं इथंच घे. घेतली. मग मी हळूच विचारलं, "आणि त्याची तपासणी कधी झालीय का गं? एचआयव्हीची?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या त्या मित्राला शिवी दिली.

"काकू, तसला नाहीये तो. चांगल्या घरातला आहे."

मैत्रिणीनं पुस्ती जोडली, "त्याचे पप्पा सोसायटीचे चेअरमन आहेत."

हे वाक्य मला नवं नाही. चांगल्या घरातला, शिकलेला, माळकरी घरातला, एकुलता एक. माझ्या काउंटरवर रक्ताच्या रिपोर्टच्या जागी हे चालतं. आणि मुलीच असं बोलतात असं नाही, मुलं तर त्याहून पुढं: "ती साधी आहे हो, गावाकडची." या पिढीला भीती आहे ती फक्त दिवस जाण्याची. गोळी पोटात गेली की सगळं मिटलं, अशी समजूत आहे. आता गोळी गर्भधारणा टाळते. एचआयव्ही, सिफिलीस, गोनोरिया, कावीळ-बी यांतल्या कशालाही ती अडवत नाही. अडवणारी वस्तू तिच्याच बाजूला, स्टँडवर, गोळीहून कितीतरी स्वस्त मिळते.

आमच्या पिढीला वेगळी भीती होती, आणि ती वाऱ्यावरची नव्हती. माझं माहेर विट्याजवळ. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्याला, म्हणजे सोनं-चांदी आटवायला, देशभर गेलेली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, जिकडं सराफ कट्टा तिकडं विट्या-खानापूरची माणसं. कुणी ट्रकवर, कुणी मुंबईला गोदीत. वर्ष-वर्ष घर लांब. दोष धंद्याचा नव्हता, लांब राहण्याचा होता. नव्वदच्या दशकात त्यांतली काही तरणी माणसं वाळून परत यायला लागली. गावात "टीबी झालाय" म्हणायचे. तपासायला मिरजेला न्यायचे, कारण मिरजेत दवाखाने ढीगभर आणि ओळखीचं कोणी भेटायची शक्यता कमी. नवरा गेल्यावर बायकोचं रक्त तपासायचं, आणि मग तिचं ताट-वाटी वेगळं. आमच्या आळीत एका वहिनींची चूल परसात मांडून दिलेली मी बघितली आहे. जेवणानं, ताटानं, डासानं, संडासानं एचआयव्ही होत नाही हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते. ऐकलं कुणी?

आणि ज्या बायकांवर सगळं खापर फुटत होतं, त्यांनीच या जिल्ह्याला कंडोम शिकवला, हे मात्र सांगलीत फार थोडे लोक मोकळेपणानं सांगतात. १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेचं काम इथं सुरू झालं, आणि पुढं धंद्यातल्या बायकांनीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही, हे गोकुळनगरच्या, म्हणजे सांगलीतल्या वेश्यावस्तीतल्या, बाईनं दुसऱ्या बाईला सांगितलं. चेअरमनच्या पोराला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सरकारनं एचआयव्हीची फुकट औषधं द्यायला २००४ साली सुरुवात केली. ती गावोगाव पोचेपर्यंत आणखी काळ गेला, पण पोचली. आता तीन औषधं एकाच गोळीत येतात, रोज एक घ्यायची. नेमानं घेतली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूंचा आकडा, इतका खाली गेला की तपासणीत दिसेना, आणि तसाच टिकला, तर त्या माणसाकडून संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. आईला एचआयव्ही असला तरी गरोदरपणात वेळेवर औषधं सुरू झाली तर बाळ बहुतेक वेळा निगेटिव्ह जन्मतं, अशी किती बाळं आता शाळेत जातात. मरणाची भीती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर काळजीही गेली, आणि तिच्या जागी माहिती यायला हवी होती ती आली नाही. २००७ साली आपल्या राज्यात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि शाळांतला कार्यक्रम बंद पडला. आज माझ्याकडं येणाऱ्या पोरांतली बरीचशी तेव्हा जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती.

आता त्या ७२ तासांचा घोळ सांगते, कारण तो रोजचा आहे. ७२ तास दोन आहेत. एक आयपिलचा. दुसरा पेपचा, म्हणजे एचआयव्ही टाळायच्या औषधांचा. एचआयव्ही असलेल्या, किंवा असण्याची दाट शंका असलेल्या माणसाशी कंडोमशिवाय संबंध आला, कंडोम फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्ही अंगात ठाण मांडायच्या आत थोपवणारी औषधं असतात. तीही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, पहिल्या काही तासांत केली तर उत्तम, आणि पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. ती मेडिकलमध्ये मागून मिळत नाहीत. कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. सिव्हिलला एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र, आहे, मिरजेला सरकारी रुग्णालय आहे. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. जबरदस्ती झाली असेल तर पोलिसांत जायचं की नाही याचा निर्णय होईपर्यंत उपचार अडवून ठेवता येत नाहीत. एका मुलीनं मला विचारलं होतं, "आयपिल घेतलीय, आता पेपची काय गरज?" दोन्ही वेगवेगळ्या कुलपांच्या किल्ल्या आहेत, एवढंच मी म्हटलं. समजलं तिला.

एकदा एका कॉलेजात एक डिसेंबरला, एड्स दिनाला, बोलवलं होतं. रांगोळी, लाल फीत, रॅली झालेली. मी म्हटलं, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव नको. तिथल्या सरांना चिठ्ठ्या आधी वाचायच्या होत्या. मी डबा मांडीवर घेऊन बसले, दिला नाही. दोन कंडोम एकावर एक घातले तर जास्त सेफ का? (नाही, घासून फाटतात.) खोबरेल तेल लावलं तर चालतं का? (नाही, तेलानं रबर कमजोर होऊन फाटतं.) पहिल्या वेळी दिवस जात नाहीत ना? (जातात.) पाकिटात ठेवलेला कंडोम किती दिवस चालतो? याच्यावर हशा पिकला, पण प्रश्न शहाण्याचा होता. पँटच्या मागच्या खिशात, अंगाच्या उबेत महिनोन्महिने मुरलेला कंडोम टाकून द्यावा. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो का, हा प्रश्न तर निम्म्या चिठ्ठ्यांत. येत नाही. झोपेत वीर्य जाणं हाही आजार नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर "गुप्तरोग, धातुदोष, खात्रीशीर इलाज" लिहिणाऱ्यांची दुकानं या एका गैरसमजावर चालतात, पोरांचे मेसचे पैसे त्यांच्या पुड्यांत जातात.

एक चिठ्ठी वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिलनं लिहिलेली होती. "माझ्या पप्पांना एचआयव्ही आहे. मी लग्न करू शकतो का?"

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मी उत्तर सगळ्यांकडं बघून दिलं, कुणा एकाकडं बघितलं नाही. वडिलांना आहे म्हणून मुलाला असेल असं नाही. तुझी आई निगेटिव्ह असेल तर तू जन्मताना तुला झालेला नाही, आणि एका घरात राहून, एका ताटात जेवून होत नाही. मनात शंका असेल तर एकदा रक्त तपासून घे. निगेटिव्ह आलं तर पप्पांचा आजार हा तुझ्या लग्नाचा विषयच नाही. पॉझिटिव्ह आलं तरी औषध चालू ठेवून, होणाऱ्या बायकोला आधी खरं सांगून, लग्न करता येतं, निरोगी मूलही होऊ शकतं. आणि पप्पा गोळ्या वेळेवर घेतात का तेवढं बघ. कार्यक्रम संपल्यावर कोणी भेटायला आलं नाही. मला तशी अपेक्षाही नव्हती.

तपासणीला लोक घाबरतात ते सुईला नाही, ओळखीच्या माणसाला. तर ऐका. सिव्हिलमध्ये आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशनाचं आणि तपासणीचं केंद्र, आहे, मिरजेच्या सरकारी रुग्णालयात आहे, ग्रामीण रुग्णालयांतही सोय असते. पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी. पहिली चाचणी संशयास्पद आली तर एका किटवर कोणी पॉझिटिव्ह ठरवत नाही, वेगळ्या किटवर पुन्हा बघतात. वय १८ पूर्ण असेल तर घरच्यांना बोलवत नाहीत. रिपोर्ट गुप्त ठेवणं हे उपकार नाहीत, २०१७ च्या कायद्यानं ते बंधन आहे. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एक मात्र लक्षात ठेवा: काल संबंध आला आणि आज रक्त दिलं तर काही कळत नाही. लागण झाली तरी चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

तिकडं जखम, फोड, खाज, लघवीला जळजळ, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, यासाठी माझ्याकडं "खाजेचं मलम" मागू नका. मिक्स मलमांत स्टेरॉइड असतं, वरवर बरं वाटतं, आतला आजार राहतो. लैंगिक आजाराची जखम असली की एचआयव्हीला वाट सोपी होते. सिव्हिललाच सुरक्षा क्लिनिक आहे, तिथं औषध फुकट मिळतं. आणि औषध जोडीदारालाही घ्यावं लागतं, नाहीतर तो आजार दोघांत फिरत राहतो. इथं बहुतेक पोरांचं गाडं अडतं: "तिला कसं सांगू?" तू तोंडानं सांगणार नसशील तर तिला घेऊन ये, समुपदेशक सांगतील. पण आण.

आणि गर्भपाताच्या गोळ्या कुणी माझ्याकडं चिठ्ठीशिवाय मागू नयेत, मिळणार नाहीत. २०१७ साली म्हैसाळचं बेकायदा गर्भपातांचं, स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडं पडलं तेव्हापासून तर आम्ही दुकानदार जास्तच सांभाळून आहोत. पण दिवस गेलेच असतील तर लपवाछपवी करून कुठल्या तरी मावशीकडं जाऊ नका. सज्ञान मुलीला स्वतःच्या संमतीनं, लग्न झालेलं नसलं तरी, मान्यताप्राप्त दवाखान्यात कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. नवऱ्याची सही लागत नाही, बापाचीही नाही. १८ च्या आतली असेल तर पालक लागतात आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

काउंटरवर विचारायला जीभ रेटत नसेल त्यांच्यासाठी नंबर देते. १०९७, एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन, फोन फुकट. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, तिथं पाळीपासून पिंपल्सपर्यंत काहीही विचारता येतं. आणि परवा व्हिक्सची गोळी घेऊन काही न बोलता परत गेलेला तो चष्मेवाला मुलगा हे वाचत असेल तर: स्टँड बाहेरच आहे, साइज वेगवेगळ्या येतात, ती आणि पाकिटावरची तारीख तेवढी बघून घे.