चार टक्के चढलेला 'कंदिसा'

दिवाळीच्या साफसफाईत माळे उपसले जातात आणि आमच्याकडे कॅसेटींच्या पिशव्या यायला लागतात. नाशिकला एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत आमचं ऑडिओ रिपेअरिंगचं दुकान आहे. जुन्या कॅसेटी उतरवून डिजिटल करून देण्याचं काम माझ्याकडे असतं. लोकांना वाटतं मी दिवसभर गाणी ऐकते. गाणी फार थोडी असतात. आजोबांचा हरिपाठ, मुंजीतला गोंधळ, दुबईतल्या मुलाला पत्राऐवजी पाठवायची म्हणून भरलेली आणि कधीच न पाठवलेली कॅसेट, असलं बरंच जास्त. शिवाय या कामात घाई चालत नाही. नव्वदची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, मागे कितीही पिशव्या असोत.

बाजारात मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटी आम्ही घेत नाही, हा दादांचा, म्हणजे आमच्या मालकांचा, नियम. त्यामुळे एका दुपारी एक काका आले आणि त्यांनी ठेवलेल्या कॅसेटवर बॉलपेनने 'इंडियन ओशन - कंदिसा' लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी ती परतच करणार होते. ते म्हणाले, "ताई, मला बी बाजू हवीय. त्यात आम्ही आहोत."

काका एकलहरेच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आता संध्याकाळी पंचवटीत मुलांना गिटार शिकवतात. २००१ च्या सुमारास क्वार्टरमधल्या खोलीत ते आणि त्यांचा एक मित्र वाजवायला बसायचे. ते गिटारवर, मित्र पेटीवर. ए बाजूला मित्राच्या कॅसेटवरून उतरवलेला 'कंदिसा' अल्बम, बी बाजूला या दोघांचा रियाज. मित्राची पुढे बदली झाली आणि गाठभेट संपली.

कॅसेटची अवस्था वाईट होती. रिबनला हेडवर, म्हणजे रिबनवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडलेला, त्यामुळे आवाज मधेच बुडायचा. कडांवर पांढरी बुरशी. कवचाला स्क्रू नाहीत, कारखान्यात चिकटवून बंद केलेलं. अशा वेळी सांध्यावरून ब्लेड फिरवून ते उघडावं लागतं. हात जरा घसरला तर रिबनच्या गुंडाळीत ब्लेड जातं. मग दोन्ही चकत्या तशाच उचलून पाच स्क्रूच्या चांगल्या कवचात बसवायच्या, रिबन रोलरवरून नीट ओढून घ्यायची, बुरशी कोरड्या मऊ कापडाने हळूहळू सोडवायची. त्यानंतर हेडचा कोन. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचं हेड आणि माझ्या डेकचं हेड केसभर जरी वेगळ्या कोनात असलं तरी वरचे सूर मरतात, झांज वाजते ती गोणपाटातून ऐकल्यासारखी. हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत, दोन्ही चॅनेल एकत्र करून, झांज उजळेपर्यंत थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला, कधीकधी प्रत्येक बाजूला वेगळं करावं लागतं. ऑनलाइन मिळणारी ती यूएसबीवाली खेळणी घेऊन घरोघर कॅसेटी उतरवून देणारे यातलं काहीच करत नाहीत, आणि लोक त्यांनी दिलेल्या फायली ऐकून म्हणतात, जुनी कॅसेट आहे, असाच आवाज येणार. असा येत नाही. रिबनवर जे आहे ते बहुतेक वेळा तुमच्या आठवणीपेक्षा चांगलं असतं.

कॅसेट फिरत असताना काका बसून राहिले, आणि बँडचा विषय निघाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड, १९९० पासूनचा. सुस्मित सेन गिटारवर, आशिम चक्रवर्ती तबल्यावर आणि गायला, राहुल राम बेसवर, पुढे १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर. या चौघांचा काळ तो खरा काळ, असं मानणाऱ्यांत मीही आहे. आमच्या दुकानातल्या मुलाला त्यांचं फक्त 'ब्लॅक फ्रायडे'मधलं 'बंदे' माहीत. तो वाईट मुलगा नाही, पण येईल त्या रेकॉर्डिंगवर आधी खरखर काढायचं सॉफ्टवेअर चालवतो आणि आवाजाचा श्वासच काढून टाकतो.

काकांचं मत पक्कं होतं. 'कंदिसा' (२०००) पहिला, बाकी सगळे मागे. त्यातलं 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं, राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात असताना खोऱ्यातून त्याच्यापाशी आलेलं. नर्मदा महाराष्ट्राला शिवते ती आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबारच्या टोकाला, म्हणून काकांना ते घरचं वाटतं. शेवटचं 'कंदिसा' ही केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, 'हिल्ले ले' कवी गोरख पांडेंचं. एवढं सगळं एका अल्बममध्ये सात गाण्यांत कोणी बसवलंय दाखवा, असं काका म्हणाले. मी 'झिनी'वाली आहे. २००३ चा 'झिनी' मला 'कंदिसा'हून खोल वाटतो. त्यात चौघं एकमेकांना जागा देतात, कोणी गर्दी करत नाही, आणि कबीराच्या चादरीला आशिमने जो हात लावलाय तसा दुसऱ्या कुणी लावलेला मला माहीत नाही. त्याआधीचा 'डेझर्ट रेन' म्हणजे १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत मंडी हाउसला, नाटककार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं थेट रेकॉर्डिंग. बँड घडताना ऐकायचा असेल तर तोच. २००९ च्या डिसेंबरात आशिम गेला. '१६/३३० खजूर रोड' त्यानंतर, २०१० पासून, त्यांनी महिन्याला एक गाणं असा फुकट सोडला. नाव त्यांच्या करोल बागेतल्या तालमीच्या जुन्या घराचं. २०१४ च्या 'तंदानु'त मात्र पाहुणे इतके की यजमान शोधावे लागतात.

"'झिनी' मी त्याच वर्षी घेतला," काका म्हणाले. "ओरिजिनल कॅसेट. पण बसलेला वाटला हो. 'कंदिसा'ची चमकच नाही. तेव्हापासून मी मुलांना सांगतो, बँड 'कंदिसा'लाच शिखरावर होता."

मला हे पटलं नाही, पण आवडीचा मामला म्हणून सोडून दिलं. मग बी बाजू सुरू झाली.

आधी खोलीतला पंखा, मग पेटीचा भाता. मित्राचा आवाज: "लाव परत." मागे टेपवर 'मा रेवा' सुरू होतं. पेटीवर एक सूर दाबला जातो, मग शेजारचा, परत पहिला. मित्र म्हणतो, "दोन्ही नाही बसत रे. यांनी मधलीच पट्टी घेतलीय." त्यावर तरुण काका म्हणतात, "मुद्दाम घेतली असणार. पेटीच्या वर जायचं असेल त्यांना."

काका हसले आणि म्हणाले, "तेच. मग पेटी ठेवून दिली आणि गिटार कॅसेटला मिळवून वाजवायला लागलो. अजूनही मुलांना सांगतो, हे लोक पेटीच्या चौकटीत बसत नाहीत. कान तयार करायचा तर असा."

मी फोनवर 'मा रेवा' लावलं आणि कॅसेटच्या शेजारी ठेवून मोजलं. कॅसेट चार टक्के वर होती. चार टक्के म्हणजे अडुसष्ट सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), अर्ध्या सुराचा साधारण दोन-तृतीयांश. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच लटकलेलं. आणि नुसता सूर वर नव्हता, लयही तेवढीच जलद होती. सहा मिनिटांच्या गाण्यात हा फरक चौदा सेकंदांचा होतो. वाद्यं वेगळी मिळवली तर सूर बदलतो, गाण्याची लांबी बदलत नाही. दोन्ही एकाच प्रमाणात बदलले की तो मोटरचा वेग असतो.

पण कुठल्या मोटरचा? माझ्या डेकचा वेग ३००० हर्ट्झचा ठरावीक सूर भरलेल्या टेस्ट टेपने लावलेला असतो, तो पुन्हा तपासला, बरोबर होता. मग उरलं काकांचं मशीन. दोन खणांचा टू-इन-वन: डाव्या खणातून वाजवायचं, उजव्यात भरायचं, दोघांना वेगळी मोटर. डावी जलद धावत असेल तर नक्कल चढलेली होणार. उजवी हळू धावत असेल तरीही तेच होणार. पण उजवी हळू असेल तर बी बाजूही चढलेली असायला हवी, कारण तीही उजव्यातच भरलेली.

बी बाजूवर मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, घरघर होती. साधारणपणे मी तिच्यावरून वेग काढते, ती ५० हर्ट्झला असायला हवी. इथे तिच्यावर विसंबता येत नव्हतं, आणि ते काकांनीच सांगितलं. २००२ च्या आधी ग्रिडची फ्रिक्वेन्सी मागणी वाढली की ४८.५ च्या खाली जायची आणि मागणी उतरली की ५१ च्या वर चढायची. आम्ही शोधत होतो तो चार टक्क्यांचा फरक तिच्या या चढउतारातच लपून गेला असता.

मग पेटी आठवली. पेटीचे सूर पितळेच्या पात्यांचे, वर्षानुवर्षांत थोडे हलतात, पण अर्धा सूर हलत नाहीत. "ती पेटी आहे का?" विचारलं. होती, घरीच. काकूंना फोन लावला आणि त्यांना एकेक सूर दाबून धरायला सांगितलं. फोनवर आवाजाचा पोत बिघडतो, पट्टी बिघडत नाही. काकू भाता मारत होत्या, मी स्क्रीनवर दोन रेघा बघत होते. कॅसेटमधली पेटी आणि घरातली पेटी यांच्यात अगदी किरकोळ फरक होता. उजवी मोटर निर्दोष. दोष डावीचा.

अशी उकल हाती लागते तेव्हा या कामाचं सार्थक वाटतं. त्या दिवशीही वाटलं, आणि मग लक्षात आलं की समोर बसलेल्या माणसाला आता हे सांगायचं आहे.

दादांनी मला काउंटरच्या आत बोलावलं. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही ते सांगू नये, बी बाजू मागितली ती द्यावी, पैसे घ्यावे. दादांचा हा स्वभाव दुकान चालवायला उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. पण काका त्याच संध्याकाळी मुलांना शिकवणार होते की बँड मुद्दाम मधली पट्टी घेतो. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी सांगितलं. काकांचा पहिला प्रश्न वीजवाल्याचाच होता: "लाइनची फ्रिक्वेन्सी?" नाही, टू-इन-वनच्या मोटरी डीसीवर चालतात, लाइनशी त्यांचा संबंध नाही. "मग मध्ये एकदा डावी मोटर बदलली होती, मूळ कॅसेट उतरवण्याआधी." मग उलगडलंच. नवी मोटर बसवली की तिच्या मागच्या छिद्रातून बारीक स्क्रूने वेग लावावा लागतो. ज्याने बसवली त्याने टेस्ट टेप न लावता मशीन परत दिलं. पाच मिनिटांचं काम. आमच्या धंद्यात ही पाच मिनिटं न देणारे तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत.

फोनवरचं 'मा रेवा' आणि काकूंची पेटी एकत्र ऐकवली. कानाला फरक कळण्यासारखा नव्हता, सरळ बसली. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन काढून म्हणाले, "ताई, आशिम दमल्यासारखा वाटतोय."

हे फोनवरच्या, खऱ्या वेगाच्या गाण्याबद्दल. तेव्हा मला 'झिनी'चं कळलं. त्यांनी 'कंदिसा' कायम चार टक्के चढलेला, जलद ऐकला, आणि 'झिनी' बाजारातल्या ओरिजिनल कॅसेटवर, योग्य वेगात. सूर आणि लय दोन्ही किंचित चढले की कुठलंही गाणं जास्त जिवंत, जास्त उजळ वाटतं, हे आवाजात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बँड ढेपाळला हा त्यांचा निकाल, जो ते वीसेक वर्षं मुलांना सांगत आले, तो डाव्या मोटरवर उभा होता. मी हे बोलले नाही. त्यांनाच ते सुचलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते 'झिनी'ची कॅसेट घेऊन आले आणि म्हणाले, "ही मोजा."

मोजली. वेग अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर होता.

"म्हणजे ही खरी."

"हो काका."

"आणि तरी मला बसलेलीच वाटते. आता कारण माहीत आहे, तरी."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मुलांना ते काय सांगणार, हे मी विचारलं. गिटार आता पेटीला मिळवणार म्हणाले. मात्र घरी स्वतःसाठी जुनी कॅसेटच लावणार, ती दुरुस्त करून बिघडवू नका, असं बजावलं. मी बी बाजू जशीच्या तशी दिली, पंख्यासकट, आणि नव्या कवचातली कॅसेट परत केली.

जाताना त्यांनी एक काम सांगितलं: 'झिनी' चार टक्के चढवून द्या, एकदा ऐकून बघायचाय. दुकानाच्या नियमात ते बसत नाही, पण मी त्यांची कॅसेट ठेवून घेतली आणि संध्याकाळी तशी फाइल केली. दुकानातल्या मुलाला दोन्ही न सांगता ऐकवल्या. त्याने चढलेली निवडली, आणि ओरिजिनल तीच असणार म्हणून पैज लावायला निघाला. मीही हेडफोन लावून शीर्षकगीत पूर्ण ऐकलं. ज्या अल्बमचा एकेक श्वास मला पाठ आहे, तो चार टक्क्यांनी चढलेला मला दोन जागी जास्त आवडला. कोणत्या दोन, ते मी कागदावर लिहून ठेवलंय. फाइल तयार आहे. काकांचा काल पुन्हा फोन आला होता, उद्या पाठवते म्हणाले.