खाली बसवलेली ओम्नी आणि सपाट डिस्का

गिरगावातला एक पोरगा ओम्नी घेऊन आला, गाडी आधीच खाली बसवलेली, आणि मागे गोणपाटात गुंडाळलेल्या चार स्टीलच्या डिस्का, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या रिम. पुढून एकदम सपाट, एकही खिडकी नाही, फक्त नटांची भोकं, मधे छोटी टोपी आणि वाल्वपुरतं एक छिद्र. बघूनच जीव खुश झाला. 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 ला बंद झाली, परळच्या आमच्या दुकानात तिचे टायर बदलत बदलतच मी हे काम शिकलो, त्यामुळे तिच्यावर माझा जीव आहेच.

"दादा, पीसीडी चेक केलाय, फक्त लावून द्या."

पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, बरोबरच होता, ओम्नीचा चार नटांचा, 114.3 मिमी. पण तेवढ्याने भागत नाही ना. नवी रिम एक इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिमी जास्त, वर ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून ती हबला टेकते तिथपर्यंतचं अंतर, 10 मिमीने कमी. म्हणजे चाक आतल्या बाजूला जेमतेम 2.7 मिमी सरकणार पण बाहेर तब्बल 22.7 मिमी येणार, आणि खाली बसवलेल्या गाडीत नेमकी तिथेच मडगार्डची कड असते. गाडी रिकामी उभी असताना सगळंच छान दिसतं. म्हणून मी कडेच्या आतून जाड खडू फासला, दुकानातली पोरं आणि शेजारचा चहावाला असे पाच जण आत बसवले, गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली आणि स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून फुल लॉक मारला. उतरून बघितलं तर पुढे खडू जसाच्या तसा, पण मागे डाव्या बाजूला वीतभर पुसलेला आणि टायरच्या खांद्यावर पांढरा पट्टा. हायवेला खड्ड्यात गाडी आदळली असती तर त्या कडेने टायर चिरलाच असता.

मग हीट गनने कड गरम करून हळूहळू आत दाबत नेली, घाई केली की रंग तडकतो आणि मुंबईच्या हवेत तिथे गंज धरायला वेळ लागत नाही. तरी मन भरेना. स्प्रिंगच्या पाट्यांवर काम करून मागून बोटभर उंच करू म्हटलं तर पोराचा चेहराच पडला, पण खडूची खूण दाखवल्यावर ऐकला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दलही सांगितलं, आरसीत आहे त्यापेक्षा गाडी बदलली तर आरटीओ अडवू शकतं, ते त्याचं त्याने बघायचं.

खरी काळजी मला ब्रेकची होती. अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रेसवाले चाकांवर सपाट झाकणं लावायचे, हवा कमी अडते म्हणून, पण तिथे सरळ पळायचं असतं. आपल्याकडे दर दहा फुटांवर ब्रेक, आणि साध्या रिमच्या खिडक्यांमधून जी हवा ब्रेकपर्यंत जाते ती इथे बंद. आधी जुन्या चाकांवर आणि मग नव्या चाकांवर हँगिंग गार्डनवरून केम्स कॉर्नरला उतरून बघितलं, टेंपरेचर गन लावली तर नव्या चाकांत पुढचे ब्रेक जास्त तापलेले होते. धोक्याचं नव्हतं, पण तो खंडाळ्याला मित्रांना भरून नेणार होता. ब्रेक ऑइल नवीन टाकलं आणि बजावलं की घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा, न्यूट्रल अजिबात नाही.

डिस्कांना पावडर कोटिंग केलेलं होतं, नट बसतात त्या उतारावरसुद्धा. तिथला रंग नटाखाली चेपतो आणि नट सैल पडतो, म्हणून सगळीकडचा खरवडून काढला आणि शंभर किलोमीटर झाले की परत ये सांगितलं. आला, आणि एक नट पाव फेरा फिरलाच! पुन्हा टॉर्क पान्याने घट्ट केले. आता पावसाळ्यात एकदा बोलावलंय, हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गेला की रिममध्ये आतून चिखल धरणार, पुढून पाइप मारून तो निघत नाही आणि बॅलन्सिंगची वाट लागते, चाकं काढून मागूनच धुवावी लागतील.