अडतीस ब्लॉक

जुलैतील एका सकाळी, महापे येथील आमच्या कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी मी नेमकॉइनच्या, म्हणजे इंटरनेटवरील नावे नोंदवणाऱ्या ब्लॉकचेनच्या, नोडवर (तिच्या जाळ्याला जोडलेल्या संगणकावर) ‘नेम लिस्ट’ ही नावांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली, तेव्हा एका ग्राहकाच्या ‘डॉट बिट’ने संपणाऱ्या नावाची मुदत संपायला केवळ ३८ ब्लॉक उरल्याचे दिसले. साखळीत सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा, जोडला जातो असे धरले, तर हातात साडेसहा तासही नव्हते.

चूक आमचीच होती. नेहमीच्या डोमेनप्रमाणे नूतनीकरणाची आठवण वर्षभराने येईल अशी लावलेली होती. बिटकॉइनच्या संहितेवरून २०११ मध्ये सुरू झालेली ही साखळी मात्र दिनदर्शिका पाहत नाही, ३६,००० ब्लॉक मोजते, आणि तेवढे ब्लॉक साधारण २५० दिवसांतच भरतात. मुदत संपलेले नाव कोणीही नोंदवू शकतो, आणि ते परत मिळावे म्हणून अर्ज करायला कोणतेही कार्यालय नाही.

नावाची किल्ली असलेले वॉलेट कुलूपबंद होते. ते उघडणारा पासफ्रेज (लांब पासवर्ड) फोनवर सांगायचा नाही हा आमचा नियम (तो मला आजही योग्य वाटतो), म्हणून तो माहीत असलेल्या माझ्या वरिष्ठ मॅडम स्वतः ठाण्याहून निघाल्या. पावसाने ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रखडल्या होत्या. घणसोलीला उतरून त्या रिक्षाने पोहोचल्या, तेव्हा १४ ब्लॉक उरले होते.

मुदत नव्याने सुरू करणारी ‘नेम अपडेट’ची आज्ञा मी एका दस्तऐवजात आधीच लिहून ठेवली होती. ती टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) चिकटवताच असे नावच नसल्याचे उत्तर आले, कारण दस्तऐवजात सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झाली होती आणि ती नावाचाच भाग ठरली होती. तीच चिन्हे केवळ मूल्यात, म्हणजे नावाशी जोडलेल्या माहितीत, शिरली असती, तर साखळीने ते मोडके मूल्य निमूटपणे नोंदवले असते, कारण मूल्याचा अर्थ ती तपासत नाही. मॅडमनी ‘नेम शो’ने जुने मूल्य पडद्यावर काढायला लावले आणि माझे मूल्य त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर ताडून मोठ्याने वाचून घेतले. मग वॉलेट १२० सेकंदांपुरते उघडले आणि व्यवहार पाठवला.

तरीही नाव सुरक्षित नव्हते; व्यवहार ब्लॉकमध्ये जाईपर्यंत जुनीच मुदत धावत असते. पुढचे दोन ब्लॉक आमच्या व्यवहाराविनाच आले, त्यानंतर पाऊण तास एकही आला नाही. आम्ही दोघेही पडद्यासमोरून हललो नाही. पुढच्या ब्लॉकमध्ये आमचा व्यवहार होता, आणि ११ वर आलेला आकडा ३६,००० झाला.

मॅडमनी लगेच ग्राहकाला फोन करून आमची चूक कबूल केली. मी घरी जाण्यापूर्वी एक स्क्रिप्ट लावली: ती रोज सकाळी हा आकडा वाचते आणि तो ४,३२० च्या, म्हणजे सुमारे तीस दिवसांच्या, खाली गेला की आम्हा दोघांनाही मेल पाठवते.