तुम्ही विचारलंत म्हणून: परफॉर्मन्स मोड लावूनही लॅपटॉप मंद का पडतो?

‘लिनक्सवर परफॉर्मन्स मोड लावलाय, तरी लॅपटॉप अर्ध्या मिनिटात मंदावतो. कुठलं टूल टाकू?’ हा प्रश्न सतत येतो आणि मी टूलचं नाव लगेच सांगत नाही, म्हणून लोक चिडतात. चिडा, पण आधी मोजा.

परफॉर्मन्स निवडलं की पॉवर-प्रोफाइल्स-डेमन (पार्श्वभूमीत चालणारा, मोड बदलणारा प्रोग्राम) प्रोसेसरचं ईपीपी, म्हणजे वेग हवा की वीजबचत हे सांगणारी किंमत, बदलतो आणि, सोय असेल तर, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्लॅटफॉर्म प्रोफाइलमार्फत फर्मवेअरला, म्हणजे लॅपटॉपच्या अंगभूत सॉफ्टवेअरला, निरोप देतो. ड्रायव्हर ती सोय देत नसेल, तर मेनूत बटण दिसतं, पंख्याला मात्र काहीच कळत नाही. ‘गव्हर्नर पॉवरसेव्ह दाखवतोय’ ही तक्रारही सोडून द्या. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरचा क्लॉक (वेग) किती ठेवायचा ते ठरवणारं धोरण. इंटेल पी-स्टेट या क्लॉक सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे सर्वात कमी क्लॉक नसतो. तिथे हट्टाने गव्हर्नर परफॉर्मन्सवर नेलात, तर ईपीपीही तिथेच अडकतं आणि दुसरी किंमत लिहायला गेलं की नकार मिळतो.

आता मोजमाप. चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर ठेवा. एका टर्मिनलमध्ये रूट म्हणून टर्बोस्टॅट (प्रोसेसरचे आकडे दाखवणारं टूल) दर दोन सेकंदांनी, दुसऱ्यात स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर मुद्दाम ताण टाकणारं टूल) सगळ्या कोअरवर पाच मिनिटं. पाहायचे रकाने तीनच: क्लॉक, पॅकेजचं (म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपचं) तापमान, पॅकेजचे वॉट.

१५ वॉटच्या इंटेल चिपवर बहुतेकदा असं दिसतं: सुरुवातीला ३५-४० वॉट, क्लॉक चढलेला. मग वॉट उतरत उतरत बरोबर १५ वर येऊन थांबतात आणि क्लॉकही खाली येतो. तापमान मात्र ७० अंशांच्या आसपास. याला ‘तापल्यामुळे मंदावला’ म्हणणं चूक आहे. चिपला अजून बरीच मोकळीक होती, तिला पीएल-१ या वॉटच्या मर्यादेने अडवलं. पीएल-२ ही थोड्या वेळाची मर्यादा, पीएल-१ दीर्घकाळाची. मधला अवधी बऱ्याच लॅपटॉपवर २८ सेकंदांचा असतो. तुमचा ‘अर्ध्या मिनिटात’ इथून येतो.

मग लोक पॉवरकॅपमध्ये (कर्नलमधली ही मर्यादा बदलायची जागा) २५ वॉट, म्हणजे २५०००००० मायक्रोवॉट, लिहितात आणि काहीच बदलत नाही. कारण ही मर्यादा दोन ठिकाणी असू शकते, एमएसआर (प्रोसेसरचे स्वतःचे रजिस्टर) आणि एमएमआयओ (मेमरीच्या पत्त्यावरून गाठायचे रजिस्टर), आणि दोन्हींपैकी कमी असेल ती लागू होते. एकीकडे २५ लिहिलंत, दुसरीकडे १५ तशीच राहिली. दोन्ही वाचा, दोन्ही बदला. काही मिनिटांनी परत वाचा, कारण थर्मल्ड (तापमान सांभाळणारा प्रोग्राम) किंवा एम्बेडेड कंट्रोलर (पंखा, चार्जर सांभाळणारी लॅपटॉपमधली छोटी चिप) जुना आकडा परत बसवू शकतो. वाढवताना एका वेळी तीन वॉट, आणि प्रत्येक वेळी तीच पाच मिनिटांची चाचणी.

तापमान ९५-१०० ला टेकून वॉट पडत असतील, तर मात्र दोष थंडाव्याचा आहे. तिथे कुठलंही प्रोफाइल मदत करणार नाही. जाळीतली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. आणि क्लॉक ४०० मेगाहर्ट्झवर गोठलेला, तापमान ४५ असेल, तर आधी चार्जर बदलून पाहा. तो ओळखला गेला नाही की काही लॅपटॉपवर हाच कंट्रोलर प्रॉकहॉट (‘प्रोसेसर तापलाय’) सिग्नल देऊन प्रोसेसरला दाबून धरतो.

राहिलं टूल. पूर्वी मीही सरसकट ‘टीएलपी टाका’ म्हणत असे; टीएलपी म्हणजे लॅपटॉपची वीजबचत सांभाळणारं टूल. तेव्हा प्लॅटफॉर्म प्रोफाइल नव्हतं, ते २०२१ मध्ये ५.१२ कर्नलबरोबर आलं. आज डिस्ट्रोने (तुम्ही वापरता त्या लिनक्सने) जे दिलंय तेच मी राहू देतो; फेडोरा या डिस्ट्रोत ४१ व्या आवृत्तीपासून ते ट्यून्ड नावाचं टूल आहे. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन एकत्र चालवू नका. एकाने लिहिलेलं ईपीपी दुसरा चार्जर काढताक्षणी पुसतो आणि मग कुठलंच मोजमाप खरं मानता येत नाही. तरी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची असली की हात अजून टीएलपीकडेच जातो. टीएलपी आणि डिस्ट्रोचं टूल यांत सरस कोण, हे माझं अजून ठरलेलं नाही.