उदबत्ती, चंदेरी टेप आणि लेक हवासूचा रस्ता

अकोल्याच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये, हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तरी मला कळायला हवं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला कोलोराडो नदीकाठी जाऊ या, पण तिकडे फार तापतं, असं मी म्हणाले. त्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "किती? सेहेचाळीस?" मी म्हटलं, चव्वेचाळीस-पंचेचाळीस. "मंग चला," म्हणाले आणि पान उलटलं.

आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. गेल्या वर्षी एका वयस्क जोडप्याकडून चोवीस फुटी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन आरके: पुढे ड्रायव्हरची केबिन, तिच्या वर झोपायचा माळा, मध्ये ओटा आणि टेबल, मागे पलंग, कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी. छतावर एकच एसी, साडेतेरा हजार बीटीयूचा. आपल्याकडच्या हिशेबात सव्वा टनालाही किंचित कमी. हिवाळ्यात आम्ही दोन ट्रिपा केल्या तेव्हा त्याची गरजच पडली नव्हती. एप्रिलमध्ये पहिल्यांदा लावला, तर आवाज विमानाचा आणि वारा पंख्याचा. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, युनिट म्हातारं झालंय, नवीन बसवा. खर्चाचा आकडा ऐकून नवऱ्याने "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

शनिवारी सकाळी निघालो. आय-१० वर पश्चिमेला लागलं की तासाभरात सग्वारो, म्हणजे इथले उंचच उंच निवडुंग, विरळ होतात आणि नुसतं खडकाळ वाळवंट उरतं. चालत्या गाडीत पुढचा एसी केबिनपुरताच. मागचं घर गार ठेवायचं तर जनरेटर चालवून छतावरचा एसी लावायचा, आणि तो तासाला अर्धा गॅलन तरी पेट्रोल पितो. आम्ही लावला. पट्टे बांधून टेबलाशी बसलेल्या सासूबाई तरी ओल्या रुमालाने मान पुसत होत्या आणि माझी लेक "आपण पोचलो का" या एकाच वाक्यावर आली होती.

क्वार्ट्झसाइटला थांबलो. जानेवारीत या गावाभोवती आरव्हींचं शहर वसतं, हजारोंच्या संख्येने लोक थंडी टाळायला इथे येऊन राहतात. मेअखेर मात्र निम्मी दुकानं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमचं काम कब्रस्तानात होतं. तिथे दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. खाली पुरलेत हाजी अली. १८५० च्या दशकात अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणून पाहिले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला हा उंटवाला. इथल्या लोकांच्या जिभेवर हाजी अलीचं 'हाय जॉली' झालं. प्रयोग फसला, उंट विकले, काही मोकळे सोडले. हा माणूस मात्र इथेच राहिला, १९०२ मध्ये वारला आणि १९३५ मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने त्याचं हे स्मारक बांधलं. मुंबईच्या हाजी अलीला जाऊन आलेल्या सासूबाईंनी इथेही सवयीने हात जोडले. थर्मामीटर १०८ फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे बेचाळीस. बाबा टोपी न घालता फोटो काढत होते.

तिथून उत्तरेला पार्कर गाव, आणि तिथपासून पार्कर धरणापर्यंत नदीकाठाने जाणारा सोळा-सतरा मैलांचा पट्टा. अख्ख्या प्रवासातला हाच सुंदर तुकडा. एका बाजूला तांबूस, करपलेले डोंगर आणि दुसऱ्या बाजूला, खरं वाटू नये असं, हिरवंनिळं गार पाणी. आमचा कँपग्राउंड याच पट्ट्यात होता. तीस अँपियरचा प्लग खुपसला, एसी चौऱ्याहत्तर फॅरनहाइटवर लावला आणि नदीत पाय सोडून बसलो. दोन तासांनी आत आलो तर भिंतीवरचा आकडा ९१.

मी पोळ्यांच्या डब्यावर डोकं ठेवायच्या बेतात होते. बाबा मात्र खूश दिसले. त्यांना काम मिळालं होतं.

बाबांची अख्खी नोकरी जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. तिथे कापूस हवेच्या ओढीने पाइपांतून फिरवतात. कुठे फट पडली की ओढ मरते आणि कापूस मधेच तुंबतो. त्यामुळे त्यांनी एसीकडे पाहिलंच नाही, आधी हवेचा रस्ता पाहिला. माझा स्वयंपाकाचा थर्मामीटर मागून घेतला. एसीच्या तोंडाशी, खालच्या जाळीजवळच्या झडपेतून येणारी हवा ६८. मागच्या पलंगावरच्या झरोक्यातून येणारी ८१. एसी जी हवा आत ओढत होता ती ९०. ओढलेल्या आणि फेकलेल्या हवेत सोळा ते बावीस अंश फॅरनहाइटचा फरक असला तर असा एसी ठीक समजतात. आमचा बावीस देत होता.

"पोरी, मशीन तर चांगली हाय," बाबा म्हणाले. "हवा मधातच गळून रायली."

रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ऑपरेशन. ब्रेकर पाडला, प्लग उपसला. खालची जाळी चार स्क्रूंवर होती. आधी निघाला फिल्टर आणि त्याच्यावर राखाडी रंगाची लोकरीची चटई. आधीच्या जोडप्याकडे मोठा केसाळ कुत्रा होता, तो अजून अंशरूपाने आमच्यासोबत प्रवास करत होता. फिल्टर साबणाने धुतला. कॉइलच्या पत्र्यांत अडकलेले केस मऊ ब्रशने, पत्रे वाकू न देता, उभ्या रेषेत काढले. इथवर कोणीही करतं.

खरी भानगड त्याच्या वर होती. छताला चौदा बाय चौदा इंचांचं भोक असतं आणि सगळा व्यवहार त्या एकाच भोकातून चालतो. अर्ध्यातून एसी घरातली हवा ओढतो, उरलेल्या अर्ध्यातून गार करून खाली फुंकतो. ती फुंकलेली हवा छताच्या पोकळीतल्या, थर्मोकोलमध्ये कोरलेल्या नळ्यांत शिरते आणि झरोक्यांतून बाहेर पडते. ओढणारा कप्पा आणि फुंकणारा कप्पा यांच्यात भिंत कसली, तर थर्मोकोलची एक पाटी. आमच्या पाटीच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट होती. तिच्यावर चिकटवलेली चंदेरी टेप सुटून लोंबत होती, आणि लोंबून नेमकी मागे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर आलेली.

मी म्हटलं, करंगळीएवढ्या फटीने काय होतंय? बाबांनी सासूबाईंकडे उदबत्ती मागितली. सासूबाई अमेरिकेत कुठेही जाताना उदबत्तीचा पुडा बाळगतात, आणि इतकी वर्षं मला त्याचं हसू यायचं. गॅसच्या टाकीचा कॉक बाहेरून बंद केला, प्लग पुन्हा लावला, नुसता पंखा सुरू केला आणि बाबांनी स्टुलावर चढून उदबत्ती फटीपासून हातभर लांब, फुंकणाऱ्या बाजूला धरली. धुराची रेघ सरळ वर गेली नाही. तिने मान वळवली आणि सुळकन त्या फटीत शिरली. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला ओढ, आणि मध्ये फट. पलंगापर्यंत बारा फूट जायला गार हवा काय वेडी आहे? ती चार इंचांवर वळून परत यंत्रात जात होती.

"आपलीच हवा आपणच खाऊन रायलं हे," बाबा म्हणाले. तेवढ्यात धुराचा अलार्म किंचाळला, लेक दचकून माळ्यावरून खाली आली आणि शेजारच्या आरव्हीतले आजोबा अंडरशर्टवर बाहेर आले. पूजा चालू आहे, असं नवऱ्याने त्यांना सांगितलं. तसं ते खोटंही नव्हतं.

मग उदबत्ती घेऊन सगळी गाडी तपासली. धूर सात ठिकाणी वाकडा झाला. एसीच्या भोकाभोवती छत आणि फळी यांच्यामध्ये, प्रत्येक झरोक्याच्या कडेला, आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे पलंगावरच्या शेवटच्या झरोक्याच्याही पुढे. तिथे नळी संपतच नव्हती. कारखान्यात सरळ मागच्या भिंतीपर्यंत कोरून ठेवलेली, म्हणजे तीन फूट आंधळी गल्ली, आणि तिच्या टोकाच्या भेगांतून गार हवा थेट भिंतीच्या पोकळीत.

पार्करच्या हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची टेप आणि इन्सुलेशनची एक इंची पाटी आणली. कापडी डक्ट टेप घ्यायला मी हात पुढे केला, तर दुकानदारानेच थांबवलं. नाव डक्ट टेप असलं तरी डक्टवर, म्हणजे हवेच्या नळीवर, ती टिकत नाही, उष्णतेने तिचा गोंद सुकतो. (कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये टेपांच्या चाचण्या घेतल्या, त्यात कापडी टेप सपशेल नापास झाली होती. हे मी नंतर वाचलं. दुकानदाराने बहुधा ते न वाचताच सांगितलं असावं.)

टेप चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसायचा आणि चिकटवल्यावर चमच्याच्या पाठीने घासायची, नाहीतर सुटते. पाटीची फट बुजवली. नळ्यांची तोंडं आधी करवतीने फाडल्यासारखी होती, ती कटरने तासून टेपने गुळगुळीत केली, म्हणजे हवा अडखळत नाही. झरोके उतरवून त्यांच्या आतल्या कडा सील केल्या. आंधळ्या गल्लीत पाटीचा तुकडा थोडा तिरका बसवला, म्हणजे हवा आदळून परत न फिरता खाली वळेल. नवरा टेप कापत होता, बाबा लावत होते, मी कोपरं धरून उभी. साडेदहापर्यंत आम्ही तिघंही घामाने निथळत होतो आणि गाडीचं छत आतून चांदीचा वर्ख लावलेल्या काजूकतलीसारखं दिसत होतं.

सासूबाई तोवर स्वस्थ नव्हत्या. केबिनची भलीमोठी काच म्हणजे भट्टीचं तोंड, हे त्यांनी शनिवारीच ओळखलं होतं. बॅगेतून सोलापुरी चादर काढून त्यांनी केबिन आणि घर यांच्यामध्ये कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. न्हाणीच्या छतातल्या काचेला मी चकचकीत इन्सुलेशनचा तुकडा लावला. प्रामाणिकपणे सांगायचं तर चादरीने किती अंश कमी झाले आणि टेपने किती, याचा हिशेब लागणार नाही. बाबांच्या मते सगळे टेपने.

आता आकडे. एसीच्या तोंडाशी ६७, पलंगावरच्या झरोक्यात ६९. दुपारी चारला बाहेर १०९ असताना आत ७९. चौऱ्याहत्तर काही झालं नाही, आणि एवढ्या उन्हात एवढ्याशा यंत्राकडून ते होणारही नाही. शेजारचे आजोबा म्हणाले, सकाळी सातलाच सुरू करा. भिंती, गाद्या, भांडी एकदा तापली की त्यांना निववता निववता संध्याकाळ होते. शिवाय दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालले की कँपग्राउंडचा व्होल्टेज पडतो आणि कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. त्यांनी प्लगला लावायचं मीटर दाखवलं. १०५ व्होल्टच्या खाली आकडा गेला की ते एसी बंदच करतात.

संध्याकाळी लेक हवासू सिटीत लंडन ब्रिज पाहिला. होय, तोच, टेम्सवरचा १८३१ चा. रॉबर्ट मॅककुलक नावाच्या उद्योगपतीने तो १९६८ मध्ये चोवीस लाख साठ हजार डॉलरला विकत घेतला, दगड सुटे करून आणले आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर वाळवंटात पुन्हा उभा केला. १९७१ मध्ये उद्घाटन झालं. मला तो पुण्यातल्या एखाद्या पुलासारखाच वाटला, खाली पाणी जरा जास्त. बाबांना पुलापेक्षा वाटेतलं पार्कर धरण आवडलं. ३२० फूट उंचीपैकी २३५ फूट नदीच्या तळाखाली गाडलेलं, त्यामुळे वरून अगदीच चिमुकलं दिसतं. ते कठड्याशी बराच वेळ उभे होते.

रात्री दहाला आत ७३. लेक माळ्यावर पांघरूण घेऊन झोपली. सासूबाई पलंगावर, बरोबर झरोक्याखाली. बाबा मात्र पायरीवर खुर्ची टाकून बाहेर, तेहेतीस डिग्री सेल्सियसमध्ये, नदीकडे तोंड करून. "आत या ना," मी म्हटलं. "अकोल्यातल्या गच्चीसारखं वाटून रायलं," म्हणाले. पाय दाराच्या उंबऱ्यावर, आणि दार सताड उघडं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, दार लावा! सकाळपासून एवढं चिकटवलंत ते कशासाठी?"