हंगेरीतल्या ग्योरला बायकांचं हँडबॉल बघायला जाताय? मफलरवरची अक्षरं वाचा

पहिलं हे सांगते, हंगेरीत हिरवा-पांढरा मफलर दिसला की लगेच घेऊ नका. बुडापेस्टला केलेती स्टेशनबाहेर एकाने "ग्योर? येस येस, ग्योर" करत माझ्या गळ्यात घातला आणि आठ हजार फोरिंट काढले, मी पण खूश. अरेनात शेजारच्या आजींनी तो बघितला, काही न बोलता त्याची दोन्ही टोकं माझ्या जॅकेटात खोचली आणि चेन पार हनुवटीपर्यंत ओढली. वर एफटीसी लिहिलेलं! म्हणजे बुडापेस्टचा फेरेन्त्स्वारोश क्लब, म्हणजे नेमकी त्या दिवशीची पाहुणी टीम. दोघींचा रंग हिरवा-पांढराच, हे कोण सांगणार? ग्योरच्या मफलरवर ईटीओ असतं. सरळ अरेनातच घ्या, मला तिथे निम्म्या किमतीत लटकलेला दिसला आणि जीव जळला.

दुसरी फसगत घरचीच. मामेभाऊ तिथल्या ऑडीच्या इंजिन फॅक्टरीत आहे, तो म्हणाला ताई, ऑडी अरेना स्टेशनच्या मागेच. मागेच कसलं, अर्ध्या तासाच्या वर तंगडतोड, फेब्रुवारीत, आणि रात्री परतताना फुटपाथवर नुसता बर्फ, त्यात शेवटच्या ट्रेनचं टेन्शन, दोनदा पडता पडता वाचले. बुडापेस्टला हॉटेल घेऊन रात्री परत यायचं हा शुद्ध मूर्खपणा, मी केलाय. ग्योरलाच राहा. जाताना केलेतीहून व्हिएन्नाची ट्रेन, दीड तासाच्या आत पोचते, पण अनाउन्समेंटमध्ये "ज्योर" असं काहीतरी ऐकू येतं, पाटी बघून उतरा.

मुळात मॅच बुडापेस्टलाच असेल असं मी धरून चालले होते, कारण बायकांच्या युरोपियन हँडबॉल चॅम्पियन्स लीगचा फायनल फोर, म्हणजे सेमीफायनल आणि फायनल, 2014 पासून तिथेच होतो. पण मी बघितली ती मॅच हंगेरीच्या स्वतःच्या लीगची, ही बायकांची लीग 1951 ची आहे आणि एकट्या राजधानीची कधीच नव्हती. सत्तरच्या दशकात बुडापेस्टच्या वासासचं राज्य, 1982 ला त्यांनी युरोपियन कपही आणला. पण 1999 ची चॅम्पियन्स लीग नेली दुनाउय्वारोशने, पोलादाच्या कारखान्याचं गाव! ग्योर 1957 आणि 1959 ला चॅम्पियन, मग थेट 2005 ला. त्याच वर्षी त्यांची अनिता गोर्बिच जगातली बेस्ट प्लेअर ठरली, ती अख्खं करिअर ह्याच क्लबला खेळली. त्यानंतर 2013 ते 2025 मध्ये चॅम्पियन्स लीग सात वेळा. आजींनी सात बोटं माझ्या नाकासमोर धरली.

अरेनात साडेपाच हजारांच्या आसपासच सीट आहेत, ग्योर आणि फेरेन्त्स्वारोशची मॅच असेल तर तिकीट आधीच काढा. आणि खालच्या रांगेतलं. पोरी बुटाच्या कडेला लावलेला चिकट राळेचा गोळा दोन बोटांनी खरवडून घेतात आणि मग बॉल एका हातात अक्षरशः चिकटतो, हे वरून दिसत नाही. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, मी शेवटी "हायरा, हायरा" ओरडत उभीच होते, जॅकेटची चेन मात्र बंद.

बुडापेस्टचे दोन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मफलर पडून आहे, कोणी फेरेन्त्स्वारोशच्या मॅचला जाणार असेल तर घेऊन जा.