न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन हाइट्समध्ये वन बेडरूम को-ऑप बघताय?

को-ऑप म्हटलं की आपल्याला मुंबई-पुण्याची सोसायटी आठवते. शेअर सर्टिफिकेट इथेही मिळतं, त्यामुळे 'म्हणजे तेच की' असं म्हणून लोक पुढे जातात. तेच नाही. आपल्याकडे फ्लॅटचा करार रजिस्टर होतो, त्यावर तुमचं नाव लागतं. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये फ्लॅट तुमच्या नावावर होतच नाही. सगळी इमारत एका कॉर्पोरेशनची. तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्या शेअरच्या जोरावर तुमच्या घराची प्रोप्रायटरी लीज मिळते. थोडक्यात, तुम्ही भागधारकही आणि भाडेकरूही. त्यामुळे लाकडी फ्लोअर आणि उंच छत बघून हुरळून जाण्याआधी बिल्डिंगचे दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागवा.

हिशेबात सगळ्यात आधी बघायचं ते बिल्डिंगवरचं कर्ज, म्हणजे अंडरलाइंग मॉर्गेज. तुमच्या होमलोनशी त्याचा संबंध नाही. ते कॉर्पोरेशनने घेतलेलं असतं आणि त्याचं व्याज तुमच्या मेंटेनन्समधून जातं. समजा एकूण ४०,००० शेअर आहेत आणि तुमच्या घराचे ४००, म्हणजे एक टक्का. बिल्डिंगवर ६० लाख डॉलरचं कर्ज आहे, ३.५ टक्क्यांनी, आणि फक्त व्याज भरणं चालू आहे. वर्षाचं व्याज २ लाख १० हजार, त्यात तुमचा वाटा २,१०० डॉलर, महिन्याला १७५. अशी कर्जं बहुधा दहा वर्षांची असतात आणि मुदत संपली की नव्या दराने परत घ्यावी लागतात. दर ६.५ झाला की तुमचा वाटा महिन्याला ३२५ होतो. मेंटेनन्स आज दीडशे डॉलरने स्वस्त दिसतोय तो कदाचित एवढ्यामुळेच. म्हणून आकड्याइतकीच मुदत संपण्याची तारीख महत्त्वाची.

जमीन कॉर्पोरेशनची आहे की भाडेपट्ट्यावर, हेही तिथेच कळतं. भाडेपट्ट्यावरचं घर शेजारच्यापेक्षा बरंच स्वस्त दिसतं. पट्टा नव्याने ठरला की जमिनीचं भाडं वाढतं आणि ते मेंटेनन्सवर येतं. आमच्या मते अशा घराच्या वाटेला जाऊच नये.

कॉर्पोरेशनचा कारभार बघतं ते भागधारकांनी निवडलेलं बोर्ड; खरेदीदाराला मंजुरी द्यायची की नाही, तेही तेच ठरवतं. बोर्डाच्या मीटिंगची इतिवृत्तं तुमचा वकील वाचतो. गेल्या दीड-दोन वर्षांची तरी वाचायला सांगा. गळती, कोर्टकचेरी, लिफ्ट बदलण्याची चर्चा, ढेकूण, सगळं त्यात सापडतं. सहा मजल्यांहून उंच इमारतीच्या दर्शनी भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी करावी लागते. 'अनसेफ' शेरा मिळाला की फुटपाथवर लोखंडी मांडव उभा राहतो आणि दुरुस्तीचा खर्च असेसमेंट, म्हणजे मेंटेनन्सच्या वरची जादा वर्गणी, म्हणून शेअरच्या प्रमाणात सगळ्यांवर बसतो. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली आहे, २०३० पासून ती आणखी कडक होते. तेलाचा जुना बॉयलर असेल तर तो बदलण्याची तरतूद केली आहे का, हे विचारा. गॅसच्या पाइपांची तपासणी दर चार वर्षांनी होते. त्यात गळती निघून गॅस बंद झाला तर परत सुरू व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात, तोवर अख्खी बिल्डिंग इंडक्शनच्या शेगडीवर.

आता तुमचे आकडे. साडेसात लाख डॉलरचं घर, २५ टक्के स्वतःचे, उरलेलं ५,६२,५०० चं कर्ज तीस वर्षांसाठी ६.५ टक्क्यांनी: हप्ता साधारण ३,५५५. मेंटेनन्स १,४०० धरला तर महिन्याला ४,९५५. हा खर्च करपूर्व उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्क्यांत बसावा अशी बोर्डांची अपेक्षा असते; २८ धरले तर वर्षाला २ लाख १२ हजारांच्या आसपास पगार हवा. शिवाय व्यवहार संपल्यावर एक ते दोन वर्षांचा खर्च हाताशी उरायला हवा. दोन वर्षांचे झाले जवळपास १ लाख १९ हजार. निवृत्तीखात्यातले पैसे अनेक बोर्डं यात धरत नाहीत आणि भारतातल्या एफडी, फ्लॅट यांच्याकडे तर बघतही नाहीत. एक फायदा मात्र आहे: कॉन्डोला (म्हणजे जिथे फ्लॅट थेट तुमच्या नावावर होतो) कर्ज नोंदवताना कर्जाच्या जवळपास दोन टक्के कर पडतो, तो को-ऑपला नाही.

मंजुरीसाठी बोर्डाकडे जाणारं पॅकेज, म्हणजे अर्ज आणि कागदपत्रं, बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टीवर अडतं. आर्थिक विवरणातली शिल्लक आणि बँक स्टेटमेंटमधली शिल्लक एकाच तारखेची नसते, किंवा खात्यात अचानक मोठी रक्कम येते आणि तिचा खुलासा नसतो. आईबाबा भारतातून पैसे पाठवणार असतील तर एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पैसे अर्जाच्या दोन-तीन महिने आधी आणून ठेवा आणि सोबत गिफ्ट लेटर (ही भेट आहे, परत करायची नाही, असं लिहून दिलेलं पत्र) जोडा. इंटरव्ह्यूत विचारलं तेवढंच बोला. किचन तोडायचं नावही काढू नका. नकार आला तर कारण सहसा कळत नाही.

घर बघताना चौरस फुटांवर जाऊ नका, को-ऑपमध्ये बहुधा अधिकृत आकडा नसतोच. टेप न्या. बेडरूमला खिडकी आहे ना, क्वीन बेड ठेवून कपाटाचं दार उघडतं ना, हे मोजा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इमारतीत रेडिएटर (वाफेवर खोली गरम करणारा) बऱ्याचदा एकाच पाइपचा असतो: त्याच पाइपने वाफ वर येते आणि पाणी होऊन खाली जाते. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधे ठेवायचा नाही; अर्धवट ठेवला की पाणी आत अडतं, हातोडा मारल्यासारखे आवाज येतात आणि बाजूच्या छोट्या व्हेंटमधून पाणी थुंकलं जातं. रेडिएटरखालचं लाकूड काळं पडलंय का, वाकून बघा. तसं असेल तर बहुधा हेच चालू होतं. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा. दुसऱ्या टोकाला लाकडी पट्टी सरकवून हे काम होतं.

हाइट्सची शांतता गल्लीगणिक बदलते. प्रॉमनेडच्या, म्हणजे नदीकाठच्या उंच फिरण्याच्या वाटेच्या, बाजूची घरं दृश्यासाठी महाग, पण प्रॉमनेडच्या खालीच ब्रुकलिन-क्वीन्स एक्सप्रेसवे आहे आणि खिडकी उघडली की त्याची घरघर ऐकू येते. काही रस्त्यांखालून सबवे जाते, तळमजल्यावर ते पायांना कळतं. संध्याकाळी सहाला एकदा जाऊन उभे राहा. १९६५ पासून हा भाग ऐतिहासिक म्हणून संरक्षित आहे (शहरातला असा पहिलाच), त्यामुळे खिडक्या बदलायच्या तर शहराच्या लँडमार्क्स कमिशनचे (वारसा इमारतींवर देखरेख करणारं खातं) नियम लागतात. त्या बदलण्याचा खर्च बिल्डिंगचा की तुमचा, ते लीजमध्ये लिहिलेलं असतं.

राहिले घरातले नियम. वॉशिंग मशीनला बहुतेक जुन्या बिल्डिंगमध्ये मनाई, फ्लोअरचा ८० टक्के भाग गालिच्याने झाकायचा, बाथरूम खालच्याच्या बेडरूमवर सरकवायची नाही. आईवडील येऊन राहिले तर सहसा अडचण येत नाही, पण तुम्ही स्वतः तिथे राहत असाल तर. पुढेमागे भाड्याने देऊ या हिशेबाने मात्र को-ऑप घेऊ नका: बऱ्याच ठिकाणी आधी दोन वर्षं स्वतः राहावं लागतं, मग पाचातली दोनच वर्षं देता येतं, तेही बोर्डाने भाडेकरू पसंत केला तर आणि वर फी भरून.